ताटातला वायू

(अजिंठा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



‘खनिज इंधनातून अन्न : पर्यावरणाचा नफा-तोटा’ असा विषय पत्रिकेवर छापून आल्यावर एका गृहस्थांनी मला विचारलं, “म्हणजे गॅसवरचा स्वयंपाक का?” मी म्हटलं, नाही, गॅसचाच स्वयंपाक. ते हसले. मी मात्र गंभीरपणे बोलत होतो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी फळ्यावर हिशेब मांडल्याशिवाय कुठलीच गोष्ट मानत नसत, असं तुमच्यापैकीच अनेकांनी सांगितलं. म्हणून आज जरा आकडे सोसा. मात्र ते सगळे तुमच्या बांधावर तपासता येतील असेच आहेत.

लेणी बघायला येणाऱ्याची गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबवतात. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं, कारण गाड्यांच्या धुराने चित्रांची हानी होते. निर्णय योग्यच आहे. पण ज्या इंधनाचा धूर आपण तिथे अडवतो, त्याचाच एक भाऊबंद गोणीत बसून सोयगाव-सिल्लोडच्या रानारानांत पोचतो आणि तिथून आपल्या ताटात येतो. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकात, या डोंगरात छिन्नी आणि कुंचला चालवणाऱ्यांनी खाल्लेला घास न् घास एक-दोन वर्षांपूर्वीच्या उन्हातून आलेला होता. आपला घास तसा उरलेला नाही.

गोणीचा हिशेब आधी करू. युरियाची गोणी ४५ किलोची. तुम्हाला ती २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे मिळाली तर, आणि ‘लिंकिंग’ची, म्हणजे गोणीबरोबर सक्तीने जोडून विकलेली, नको असलेली बाटली गळ्यात पडली नाही तर. या गोणीत ४६ टक्के नत्र असतं. नत्र हवेत भरपूर आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. जर्मनीच्या फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली प्रयोगशाळेत हवेतलं नत्र आणि हायड्रोजन यांचा अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला आणि १९१३ साली ओपाऊ इथे तो सुरू झाला.   आपल्या कामाचा प्रश्न एवढाच, की हायड्रोजन येतो कुठून? आपल्या देशात तो मुख्यतः नैसर्गिक वायूतून, म्हणजे मिथेनमधून येतो. वायू आणि वाफ तापवून हायड्रोजन काढतात, प्रचंड दाबाखाली लोखंडाच्या साहाय्याने त्याची नत्राशी सांगड घालतात आणि झालेल्या अमोनियाला कार्बन डायऑक्साइड जोडला की युरिया तयार.

महाराष्ट्रात ही गोष्ट समुद्रातून सुरू होते. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या तरंगत्या यंत्राने बॉम्बे हायला तेल शोधलं. तिथला वायू उरणला आला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात अलिबागजवळच्या थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा कारखाना त्याच वायूवर उभा राहिला. तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, कारखाना त्याच्या आधीचा, १९६५ चा. आता देशातला वायू पुरत नाही. खत कारखान्यांना लागणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा द्रवरूपात जहाजाने परदेशातून येतो. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, वायू महागला आणि त्या आर्थिक वर्षात केंद्राचं खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेलं. गोणीची किंमत मात्र तुम्हाला तीच दिसली. त्यामुळे गोणीत वायू आहे, हे कुणाला जाणवलंच नाही.

किती वायू? आपल्या कारखान्यांना एक टन युरियासाठी ढोबळमानाने ६० लाख किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे एका गोणीला २ लाख ७० हजार. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १ लाख ६० हजार किलोकॅलरी असतात. एका गोणीत दीड सिलिंडरहून अधिक ऊर्जा गेली. मक्याला हेक्टरी सुमारे १२० किलो नत्राची शिफारस धरली, तर एकराला सव्वादोन-अडीच गोण्या, म्हणजे चार सिलिंडर. प्रत्यक्षात शेजाऱ्याचं पीक काळंभोर दिसलं की आपण आणखी एक गोणी टाकतो, ते वेगळंच.

आता दुसरी बाजू. एकरी २० क्विंटल मका धरा. एका किलोत साडेतीन हजार किलोकॅलरी, म्हणजे एकराला ७० लाख. युरियातली ऊर्जा सव्वासहा लाखांच्या आसपास. अकरा पट मिळालं! पण हा हिशेब लबाडीचा आहे. गुरुजींनी तो खोडला असता. युरिया टाकला नसता तरी काही मका आलाच असता. निम्मा आला असता असं धरा. तरीही वायूच्या एका मापाला धान्याची पाच मापं जास्त मिळाली. ही जास्तीची मापं वायूची नव्हेत, उन्हाची आहेत. युरियाने फक्त पानाला हिरवं राहायची ताकद दिली. बाकीची मजुरी सूर्याने केली, आणि फुकट केली. ट्रॅक्टरचं डिझेल आणि पंपाची वीज मी धरलेली नाही, ती धरली की माप आणखी उतरेल. पण दिशा बदलत नाही.

हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या साऱ्या तुलनेची मेख इथे आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या अभ्यासाने जगातली जवळपास निम्मी लोकसंख्या कृत्रिम नत्रावर पोसली जाते असं मांडलं. खनिज इंधनातून अन्न करावं की नाही हा प्रश्न आपण विचारायला बसण्याआधीच त्याचं उत्तर देऊन बसलो आहोत. २०२३-२४ मध्ये देशाने ३५० लाख टनांहून अधिक युरिया वापरला.

या वाटेत गळती भयंकर आहे. भारतात टाकलेल्या नत्रापैकी साधारण तिसरा हिस्सा पिकाला लागतो. बाकीचं काही अमोनिया होऊन उडतं, काही नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली उतरतं. आपला काळा पाषाण वरून टणक दिसतो, पण भेगांमधून पाणी सरळ विहिरीला जातं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असू नये, असं आपलं मानक आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांनी ही रेषा ओलांडलेली आहे. अर्भकांना याचा त्रास सर्वांत जास्त. आणखी एक गळती डोळ्यांना दिसत नाही : नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. टाकलेल्या नत्राचा एक टक्का जरी त्या रूपात गेला, तर एकरी ४८ किलो नत्रातून होणारा परिणाम सुमारे २०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. आपल्या कोरड्या हवेत तो कमी भरेल, पाणी साचलेल्या रानात जास्त. शिवाय कारखान्यात युरियात बांधलेला कार्बन डायऑक्साइड, टनाला ७०० किलोंहून अधिक, युरिया मातीत विरघळला की काही दिवसांत हवेत जातो. २०१५ पासून सगळा युरिया नीमलेपित करण्यात आला, तो ही गळती थोडी मंद व्हावी म्हणून. दुसरा हेतू असा, की अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे आणि बनावट दुधाकडे वळू नये. खनिज अन्नाचा सर्वांत थेट आणि सर्वांत घाणेरडा नमुना तो!

झाली आडवाटेची गोष्ट. आता सरळ वाटेने, म्हणजे शेताला वळसा घालून, वायूतून थेट अन्न करायचं, ही कल्पना घेऊ. ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीला चरबी कमी पडली, तेव्हा विटेन शहरातल्या कारखान्यात कोळशापासून केलेल्या मेणातून स्निग्धाम्लं काढली गेली; त्यांतून साबण झाला आणि खायचं मार्गरीनही झालं. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये ब्रिटिश पेट्रोलियमच्या लाव्हेरा शुद्धीकरण कारखान्यात आल्फ्रेड शांपान्या यांनी खनिज तेलातल्या मेणावर यीस्ट वाढवलं. त्यातून प्रथिनं मिळाली. पुढे इटलीच्या सार्डिनिया बेटावर वर्षाला एक लाख टनांचा कारखाना उभा राहिला आणि आरोग्याच्या शंकांपुढे तो चाललाच नाही. जपानात ग्राहकांच्या विरोधामुळे १९७३ च्या सुमारास अशा योजना गुंडाळाव्या लागल्या. सोव्हिएत संघाने मात्र कुणाला विचारलं नाही. तिथे मेणावरच्या यीस्टचं पशुखाद्य दहा लाख टनांच्या घरात पोचलं. लेनिनग्राडजवळच्या किरिशी गावात त्या कारखान्याच्या धुळीने लोक आजारी पडू लागले आणि १९८७ साली माणसं रस्त्यावर आली; त्या राजवटीत अशी निदर्शनं सोपी नव्हती.

ब्रिटनची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. आयसीआय कंपनीने उत्तर समुद्रातल्या वायूपासून मिथेनॉल आणि मिथेनॉलवर जिवाणू वाढवून ‘प्रुटीन’ नावाचं पशुखाद्य काढलं. बिलिंगहॅमला पंधरा लाख लिटरचं भांडं उभारलं. तंत्र उत्तम चाललं, धंदा बुडाला. वायू महाग झाला आणि सोयाबीन स्वस्त राहिलं. म्हणजे अमेरिका-ब्राझीलच्या शेतकऱ्याने उन्हाच्या जोरावर कारखान्याला हरवलं. हा निकाल नैतिक नव्हता, पर्यावरणाचा तर नव्हताच. तो भावाचा होता.

आता हे सगळं परत आलं आहे. ‘मेथिलोकॉकस’ नावाचा जिवाणू मिथेन खातो आणि त्याच्या अंगात प्रथिनं भरपूर असतात. कॅलिस्टा या कंपनीच्या भागीदारीतला कारखाना चीनच्या चोंगचिंगमध्ये उभा राहिला आहे. त्याचं उत्पादन मुख्यतः मत्स्यखाद्यासाठी. आपल्याकडे बेंगळुरूची स्ट्रिंग बायो याच दिशेने काम करते. आणि कॅलिफोर्नियाच्या ‘सेव्हर’ कंपनीने तर जिवाणूही वगळला : कार्बन आणि हायड्रोजन जोडून थेट लोणी. २०२३ साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’मध्ये स्टीव्हन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की अशी चरबी एका किलोकॅलरीला ०.८ ग्रॅमपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइडच्या भाराने करता येईल. इंडोनेशिया किंवा ब्राझीलच्या पामतेलाला दीड ग्रॅमहून अधिक भार पडतो.

हा आकडा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आपण दरवर्षी ८०-९० लाख टनांच्या आसपास पामतेल आयात करतो, तेही बव्हंशी इंडोनेशिया आणि मलेशियातून. टी-पॉइंटवर तुम्ही खाल्लेली भजी बहुतेक त्यातच तळलेली असणार. त्या तेलासाठी पावसाळी अरण्यं तोडली गेली, दलदलीची कुजट जमीन कोरडी करून जाळली गेली. कारखान्याच्या चरबीला जमीन जवळजवळ लागत नाही, पाणी फार थोडं लागतं, फवारणी लागत नाही, नायट्रेट विहिरीत उतरत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या मराठवाड्यात बसून ‘पाणी लागत नाही’ या गुणाची किंमत कमी लेखणं मला जमणार नाही.

मग तोटा कुठे? पहिला तोटा कार्बनचा. एक किलो तेल आपण पचवलं की सुमारे २.८ किलो कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर पडतो. तेल पामचं किंवा करडईचं असेल, तर तो कार्बन आदल्या वर्षी हवेतूनच आला होता, देणं-घेणं फिटलं. तेल वायूचं असेल तर तो कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता आणि आपण तो वर काढून श्वासाने हवेत सोडला. आजवर माणसाचा श्वास या पापातून जवळजवळ मोकळा होता. शिवाय वायू काढताना आणि वाहताना गळणारा मिथेन आहेच. त्याची गळती थोडी जरी वाढली, तरी ०.८ चा आकडा हलतो.

दुसरा तोटा उन्हाचा. कारखान्यात जेवढी ऊर्जा घालाल, त्याहून कमीच अन्नात उतरते, बरीच कमी. शेतात वायूचं एक माप टाकून पाच मापं उचलता येतात, आणि या कारखान्यात एक टाकून एकही पुरतं निघत नाही. ज्या देशात जहाजाने वायू आणावा लागतो आणि ऊन मुबलक आहे, तिथे भाकरीच्या जागी वायूची भाकरी हा हिशेब मला पटत नाही.

तिसरी गोष्ट मोकळ्या होणाऱ्या जमिनीची. या तंत्राच्या बाजूने बोलणारे सगळे गृहीत धरतात, की शेत सुटलं की तिथे जंगल येईल. इथे बसलेल्यांना विचारा. सिल्लोडचा मका माणूस फारसा खात नाही; कोंबडी खाते, स्टार्चचा कारखाना खातो आणि २०२३-२४ पासून इथेनॉलचे कारखाने खातात. यातला विरोधाभास बघा : परदेशातून आणलेल्या वायूचा युरिया, युरियाचा मका, मक्याचं इथेनॉल आणि ते परत पेट्रोलच्या टाकीत. इंधनातून अन्न आणि अन्नातून इंधन, मध्ये एकराला चार सिलिंडर आणि एका विहिरीचं पाणी. या उलट्या चक्राला हिरवं इंधन म्हणण्याआधी कुणीतरी फळ्यावर हिशेब मांडायला हवा होता.

उद्या वायूचं प्रथिन कोंबडीच्या खाद्यात शिरलं, तर पहिला फटका मक्याला नाही, सोयाबीनच्या पेंडीला बसेल. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात अनेक ठिकाणी त्याच्या कितीतरी खाली माल गेला. त्यात आणखी एक स्पर्धक आला, तर दोन एकरवाला शेतकरी सोयाबीन सोडेल. पण तो जंगल लावणार नाही. तो कापूस लावेल, ऊस लावेल, नाहीतर जमीन विकून पुण्याला जाईल आणि तिथे प्लॉट पडतील. गौताळ्याच्या अभयारण्याला त्यातून एक इंचही मिळणार नाही. जमीन वाचते हा फायदा कागदावर खरा आहे. तो रानात उतरवण्यासाठी कुणीतरी शेतकऱ्याला झाडं राखण्याचे पैसे द्यावे लागतील, आणि त्या खर्चाचा उल्लेख कुठल्याच कंपनीच्या पत्रकात नसतो.

आरोग्याचं थोडक्यात सांगतो. शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप तयार होऊ लागलं ते १९३२ पासून. डालडा हे नाव नंतर, १९३७ ला आलं. तेलात हायड्रोजन घातलेला तो पदार्थ आपल्या आज्यांनी नाक मुरडत का होईना, तीन पिढ्या वापरला. त्यातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२ च्या जानेवारीत. नव्वद वर्षं लागली. म्हणून वायूच्या लोण्याला घाबरून नाही म्हणू नका, पण ‘रेणू तोच आहे’ एवढ्यावर होही म्हणू नका.

मला या तंत्रातली एक गोष्ट मनापासून आवडते, आणि तिचा खनिज इंधनाशी संबंध नाही. मिथेन खाणाऱ्या जिवाणूला तो मिथेन बॉम्बे हायचा आहे की शेणाचा, हे कळत नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्यावर आणि पिठाळ कचऱ्यावर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र बनवलं. त्याला २००६ चा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. देहूच्या डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर शौचालयाला जोडलेल्या बायोगॅसचं काम केलं. मरणोत्तर पद्मश्री मिळाली ती २०१७ मध्ये. हा मिथेन कालच्या पिकातला, म्हणजे हवेतलाच कार्बन. कारखान्याचं प्रथिन करायचंच तर शहरांच्या कचऱ्याच्या आणि मैल्याच्या वायूवर करा. तिथे वायू नाहीतरी वाया जातो आणि हवा तापवतो. फिनलंडच्या सोलर फूड्सने तर मिथेनही वगळला आहे. विजेने काढलेला हायड्रोजन आणि हवेतला कार्बन यांवर ते जिवाणू वाढवतात. आपल्याकडेही २०२३ पासून हरित हायड्रोजन मोहीम आहे. तो हायड्रोजन आधी खताच्या कारखान्यात जावा, मग गाडीत.

तर माझं मत असं. खनिज वायूतून थेट अन्न हे पामतेलाच्या काही भागाला आणि समुद्र उपसून केलेल्या मासळीच्या भुकटीला पर्याय म्हणून, थोड्या वर्षांसाठी, चालेल. धान्याला पर्याय म्हणून ते वायफळ आहे. आणि या चर्चेत आपण ज्याच्याकडे पाठ फिरवून बसतो, त्या गोणीतल्या गळतीत जास्त काम आहे. दोन तृतीयांश नत्र वाया जाणं म्हणजे दर तीन सिलिंडरमागे दोन उघडे सोडणं. गळती निम्म्यावर आली, तर आज आकाशातून उतरू पाहणारी कित्येक तंत्रं जेवढं वाचवतील, त्याहून अधिक वाचेल. उपाय तुमच्या माहितीतलेच आहेत, म्हणून त्यांना पेटंट नाही आणि जाहिरातही नाही : माती तपासूनच मात्रा ठरवायची, युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने आणि ओल असताना मातीआड करायचा, कपाशीत तुरीच्या ओळी परत आणायच्या, मक्यानंतर हरभरा घ्यायचा. तूर आणि हरभरा आपलं बरंचसं नत्र जिवाणूंच्या मदतीने हवेतून घेतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठीत हाबर-बॉशचाच कारखाना चालतो, बिनआवाजाचा आणि बिनअनुदानाचा.

सरकारचाही यात वाटा आहे. जोवर युरिया मातीमोल आणि बाकीची खतं महाग, तोवर शेतकऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार कुणाला नाही, मलाही नाही. अनुदान गोणीला न देता शेतकऱ्याला द्या, म्हणजे वाचवलेली गोणी त्याच्या खिशात पडेल.

समोर बसलेल्या शेतकरी बांधवांना आणि भगिनींना एक विनंती करतो. येत्या हंगामात एका एकरावर नेहमीपेक्षा एक गोणी कमी टाकून बघा, शेजारच्या एकरावर नेहमीइतकीच टाका, दोन्हीचा मका वेगवेगळा मोजा, आणि आकडे इथल्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांकडे लिहून द्या. पुढच्या वर्षी जो वक्ता येईल, त्याला माझ्या ढोबळ हिशेबाऐवजी तुमचे आकडे वापरता येतील.